तसबिरीतल्या बाईचे नाव

भंडारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १९०८ साली निघाले. त्याचे संपादक आर. व्ही. रसेल यांनी पुढे रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतातच होता, त्यामुळे आपल्या आजी-पणजींच्या काळातला पूर्व विदर्भ समजून घ्यायला अभ्यासक आजही हे खंड उघडतात. त्यांत छायाचित्रे आहेत. अंगभर दागिने ल्यालेली एक मुलगी आहे, साजिंद्यांसह उभ्या नाचणाऱ्या स्त्रिया आहेत, जात्यावर दळणाऱ्या गोंड बायका आहेत. चित्राखाली जात किंवा धंदा लिहिलेला असतो, नाव नसते. या स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर कोणी उभे केले, त्यांना काही मोबदला मिळाला का, छापलेले चित्र त्यांनी कधी पाहिले का, याचा मागमूस पानावर नाही. ग्लॅमर छायाचित्रणाचा, म्हणजे सज्ञान मॉडेलचे सौंदर्य आणि देह आकर्षकपणे टिपण्याच्या व्यवसायाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या निनावी पानांपासून करावी लागते. या धंद्यात चित्राचा दर्जा लेन्स, प्रकाश आणि मेगापिक्सेल यांवर मोजण्याची रीत आहे. महाराष्ट्रातला दीडशे वर्षांचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. साधने बदलल्याने चित्र स्पष्ट झाले, पण ते चांगले झाले ते कॅमेऱ्यासमोरच्या बाईचे स्थान बदलले तेव्हाच. तिला नाव, मोबदला आणि नकाराचा अधिकार जितका मिळाला, तितके चित्र उजळले.

आपल्याकडे छायाचित्रणाची संस्था लवकर उभी राहिली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे मराठी विद्वान तिच्या कामात सामील होते. त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्या पिढीतून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक भारतीय छायाचित्रकार पुढे आले. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून ते सुकण्याआधी चित्र घ्यावे लागे आणि काचेवर प्रकाश पडत असे तोवर माणसाला न हलता बसावे लागे. जुन्या तसबिरींतल्या ताठ माना आणि गोठलेले चेहरे यांचे कारण सहसा एवढेच सांगितले जाते. ते अपुरे आहे. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथे पुरुषांना प्रवेश नव्हता आणि चित्रे घेण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे होते. दीनदयाळ धंद्यात मुरलेले होते. आपण कोणासमोर आहोत हे ठाऊक नसलेली आणि घाबरलेली बाई चांगले चित्र देऊ शकत नाही, हे त्यांना उमगले होते. साधने त्या काळातल्या इतर स्टुडिओंसारखीच. बदलली ती खोलीतली माणसे आणि बसणाऱ्या बाईची निर्धास्तता. चित्राचा दर्जा विश्वासातून येतो हे धंद्याच्या हिशेबात मानले गेल्याचे हे एक जुने उदाहरण आहे.

पण उच्चकुळातल्या स्त्रीला पडदा आणि बाकीच्यांना चव्हाटा, अशी विभागणी पुढे कितीतरी वर्षे टिकली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत चित्रांनी देवींना आणि नायिकांना घराघरांत पोचवले, परंतु त्या देहांमागच्या खऱ्या बायका बहुतेक अज्ञात राहिल्या. ज्यांचे नाव आपल्याला सांगता येते त्यांत अंजनीबाई मालपेकर आहेत, आणि तेही त्या भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका होत्या म्हणून. याच छापखान्यात काम केलेले आणि आधी गोध्र्याला छायाचित्रांचा व्यवसाय केलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ करायला निघाले, तेव्हा तारामतीसाठी त्यांना बाई मिळाली नाही; ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. रंगभूमीवर तर त्या काळी स्त्रीसौंदर्याचे परिमाण बालगंधर्व होते. त्यांच्या स्त्रीवेशातल्या तसबिरी पाहून महाराष्ट्रातल्या बायका नेसणे, केशरचना आणि दागिन्यांचा घाट ठरवत. भंडाऱ्याच्या बाजूला मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री रंगणाऱ्या खडीगंमत या लोकनाट्यातही बाईचे सोंग पुरुषच घेई. बालगंधर्वांच्या त्या तसबिरी आजही देखण्या वाटतात आणि त्यामागे ठोस कारण आहे. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस नामवंत होता, आपली मुद्रा कशी दिसते हे जाणत होता, आणि ती कशी दिसावी हे ठरवण्याचा मान त्याला होता. मराठी माणसाने पाहिलेली पहिली उत्तम ग्लॅमर छायाचित्रे स्त्रीवेशातल्या पुरुषाची असावीत, कारण तो मान तेव्हा बाईला मिळत नव्हता.

तो मान बाईला मिळू लागल्याची खूण १९३० च्या दशकात दिसते. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ या १९३८ च्या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. टीका झाली, गर्दीही झाली. इतिहासाच्या दृष्टीने या दोन्हींपेक्षा महत्त्वाची बाब अशी की पोशाख घालणाऱ्या बाईचे नाव सर्वांना ठाऊक होते आणि ती भूमिका करणारी कलावंत म्हणून ओळखली जात होती. तीनच वर्षांनी, १९४१ मध्ये, लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. या साबणाची जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री आणि शिवाय पदवीधर. रसेल यांच्या खंडांतल्या दागिन्यांनी मढलेल्या मुलीपासून इथपर्यंत जेमतेम २५ वर्षे गेली होती. तिच्या चित्राखाली वर्ग होता, हिच्या चित्राखाली नाव होते. त्या नावाला बाजारात किंमत होती, म्हणून तिच्याशी बोलून, तिला पटवून, तिला पैसे देऊन चित्र घ्यावे लागले.

स्वातंत्र्यानंतर या इतिहासाच्या दोन वाटा झाल्या. मुंबईत १९७३ मध्ये ‘डेबोनेर’ मासिक निघाले आणि त्याच्या मधल्या पानांवरची अल्पवस्त्र तरुणींची चित्रे देशभर गेली. मासिकात उत्तम लेखन असे, नावाजलेले कवीही त्यात छापून येत, पण वाचकाच्या स्मरणात लेखकांची नावे राहिली आणि मधल्या पानावरच्या मुलींची विरली. दुसरी वाट गौतम राजाध्यक्ष यांची. रसायनशास्त्र शिकलेला हा मराठी माणूस १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेत छायाचित्रणाच्या कामाला लागला आणि १९८० पासून चित्रपटातले चेहरे टिपू लागला. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले. ‘फेसेस’ हे त्यांचे पुस्तक १९९७ मध्ये आले, ‘चेहरे’ मराठीत आले. त्यांनी टिपलेल्या नायिका झगमगीत दिसतात, तरी प्रत्येक चेहरा वेगळा राहतो. प्रकाश मऊ, पार्श्वभूमी साधी, लक्ष डोळ्यांवर. त्यांच्या कामाचा पाया समोरच्या माणसाशी असलेला मोकळा परिचय हा होता. दोन्हीकडे मुंबईच, फिल्मही त्याच जातीची आणि छापखानेही त्याच शहरातले. तरी एकाची पाने काळाबरोबर गेली आणि दुसऱ्याच्या चित्रांची आजही पुस्तके जपली जातात. हा फरक कपड्यांच्या लांबीने पडला असे मानणे चूक आहे. तो पडला चित्रातली बाई कोण आहे हे सांगण्याच्या इच्छेने.

कपडे पूर्ण वगळूनही ही कसोटी टिकते का, याचे उत्तर विदर्भाशी जोडलेल्या एका प्रकरणात मिळते. भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटरवरच्या नागपुरात जन्मलेल्या मधु सप्रे १९९२ मध्ये मिस इंडिया झाल्या आणि त्याच वर्षीच्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसऱ्या आल्या. १९९५ मध्ये टफ शूज या बुटांच्या जाहिरातीसाठी प्रबुद्ध दासगुप्ता यांनी त्यांचे आणि मिलिंद सोमण यांचे छायाचित्र घेतले. अंगावर फक्त बूट आणि भोवती अजगर. अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि तो १४ वर्षे चालून २००९ मध्ये सर्व जण निर्दोष सुटले. छायाचित्र म्हणून ते उत्तम आहे यावर जाणकारांचे फारसे दुमत नाही. दोन सज्ञान, नामांकित, आपल्या व्यवसायात मुरलेल्या व्यक्तींनी विचारपूर्वक दिलेली ती मुद्रा आहे, आणि तिचा ठामपणा चित्रात उतरला आहे. कायदाही हळूहळू त्याच दिशेने सरकला. १९६४ च्या रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कसोटी मान्य केली होती, ज्यात कमकुवत मनाच्या वाचकावर काय परिणाम होईल याला महत्त्व होते. ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या मराठी कथेवरच्या खटल्यात १९६९ मध्ये न्यायालयाने लेखक चंद्रकांत काकोडकरांना सोडले आणि समाजाच्या बदलत्या मापांची दखल घेतली. अखेर २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांच्या वाग्दत्त वधूच्या छायाचित्रावरून चाललेल्या अवीक सरकार खटल्यात जुनी कसोटी बाजूला सारली गेली. नुसता उघडा देह अश्लील ठरत नाही, तो कोणत्या संदर्भात आणि काय सांगण्यासाठी दाखवला आहे ते पाहावे लागते, असा त्या निकालाचा आशय आहे. त्या चित्राला संदर्भ होता वर्णभेदाच्या विरोधाचा आणि त्यातल्या दोघांच्या स्वतःच्या निवडीचा.

दासगुप्तांचे ते चित्र फिल्मच्या जमान्यातले. निकॉनचा डी-१ हा अडीच मेगापिक्सेलच्या वरचा डिजिटल कॅमेरा १९९९ मध्ये आला, कॅननचा ३००-डी २००३ मध्ये हौशी माणसाच्या आवाक्यात आला, आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओंतून रोल आणि डार्करूम हद्दपार झाली. या बदलाने भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातल्या छायाचित्रकाराला जे मिळाले ते मोलाचे आहे. फिल्मची रंगघडण मुळातच गोऱ्या त्वचेवर बेतलेली होती. कोडॅक कंपनी रंग जुळवायला प्रयोगशाळांना जे नमुनापत्र देई, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या तरुणीचेच चित्र असे, आणि त्या मापात सावळा चेहरा काळवंडून निघे. लॉर्ना रॉथ या संशोधिकेने हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. सावळ्या छटा फिल्मवर नीट उतराव्यात यासाठी कोडॅकवर दबाव आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींमुळे, माणसांच्या तक्रारींमुळे नव्हे, हे त्यातले दुःखद सत्य आहे. डिजिटल कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर छायाचित्रकाराच्या हाती आले. रॉ फाइलमध्ये सावलीतले तपशील टिकतात, त्यामुळे उन्हात रापलेली त्वचा आहे तशी, तिच्या उबेसह दाखवता येते. आंधळगावच्या विणकरांचा करवतकाठी कोसा नेसवून मॉडेल उभी केली तर रेशमाची मंद झाक आणि त्वचेची झाक वेगवेगळी राखता येते. त्यासाठी थेट फ्लॅश टाळून बाजूने सॉफ्टबॉक्स, समोरून पांढरा रिफ्लेक्टर आणि डोळ्यात प्रकाशाचा एक ठिपका एवढे पुरे होते. चेहरा पिठासारखा गोरा करणारे रिटचिंग मात्र या सगळ्या लाभावर पाणी फिरवते आणि जुन्या नमुनापत्राचा अन्याय आपल्याच हाताने परत आणते.

डिजिटलने आणखी एक गोष्ट दिली आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेले. कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा मॉडेललाही दिसतो. छायाचित्रणाच्या इतिहासात बहुतेक काळ बाई चित्र देऊन निघून जाई आणि काय उमटले ते दुसरेच लोक ठरवत. आता ती त्याच क्षणी पाहू शकते, हे नको म्हणू शकते, हनुवटी थोडी खाली घेऊन पुन्हा उभी राहू शकते. दर्जा वाढवणारा याहून मोठा बदल कोणत्याही लेन्सने केलेला नाही. पण त्याच तंत्राने धोकाही वाढवला. निगेटिव्ह एक असे, फाइलच्या प्रती अगणित होतात. म्हणून २०१३ मध्ये दंडसंहितेत आलेल्या आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असलेल्या तरतुदीचे स्पष्टीकरण या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावे असे आहे. खासगी प्रसंगाचे चित्र काढायला बाईने संमती दिली म्हणजे ते पसरवायला दिली असे होत नाही. काढण्याची संमती वेगळी आणि प्रसाराची वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई कलमही देहाच्या खासगी भागांची चित्रे संमतीवाचून घेणे किंवा पाठवणे हा गुन्हा ठरवते. उलट कॉपीराइट कायदा मॉडेलला काहीच देत नाही. हक्क छायाचित्रकाराचा किंवा पैसे देऊन काम करवून घेणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ज्या चेहऱ्यावर हा हक्क उभा आहे त्या बाईचे हित मुख्यतः लेखी करारातूनच राखता येते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कारागिरी आणि नीती यांची ही सरमिसळ आहे. शोषणातूनही सुंदर चित्रे निघाली आहेत आणि सज्जन माणसांनी मनापासून काढलेली कित्येक चित्रे फसली आहेत. हे खरेच आहे. प्रकाश न कळणाऱ्याला संमतीपत्र प्रकाश शिकवत नाही. माझा दावा एवढाच आहे की ग्लॅमर छायाचित्रणात विषय जिवंत माणसाचा आत्मविश्वास हाच असतो, आणि तो दिव्यांच्या मांडणीने निर्माण होत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या स्तूपाचे अवशेष टिपताना दगडाची मर्जी लागत नाही, माणसाची लागते. खांदे आखडलेले आहेत, नजर कॅमेऱ्यामागच्या कोणाकडे तरी भीतीने जाते आहे, ओठ हसतात आणि कपाळ हसत नाही, हे सगळे जास्त मेगापिक्सेलमध्ये जास्तच स्पष्ट दिसते. शोषणातून आलेली जी चित्रे आपल्याला सुंदर वाटतात, त्यांत आपण बहुधा वस्त्र, दागिना आणि छाया यांचे सौंदर्य पाहत असतो. रसेल यांच्या खंडांतल्या दागिन्यांचे तेच झाले. दागिने अभ्यासकांच्या कामी आले, मुलगी हरवली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देह दाखवण्याचा हा धंदाच बाईला वस्तू करतो, मग करार करा की नाव छापा, असे स्त्री-चळवळीतल्या अनेकींचे मत आहे, आणि १९८६ चा स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा त्याच चिंतेतून आला. या चिंतेचा आदर ठेवूनही मला ती अपुरी वाटते. हा धंदा बंद पाडण्याच्या मागणीने तो बंद झाल्याचा दाखला नाही. तो अंधारात गेल्याचे दाखले मात्र पुष्कळ आहेत, आणि अंधारात बाईची बाजू आणखी पडती असते. कला महाविद्यालयात उघड्या देहाची मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईच्या कष्टांवर रवी जाधव यांनी ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट केला. तो २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या यादीतून वगळला गेला आणि पुढच्या वर्षी प्रदर्शित झाला. त्या बाईच्या कष्टांवर बोलणेही जिथे अवघड, तिथे तिचे हक्क कोण मागणार? कामाला काम मानले, तरच वय पडताळता येते, मजुरी ठरवता येते आणि तक्रार करता येते. १८ वर्षांखालच्या कोणाचेही असे चित्र हा अपवाद न करण्याजोगा गुन्हा आहे, ही रेषाही उजेडातच नीट राखली जाते.

तिसरा आक्षेप भंडाऱ्यापुरता आहे. पितळेच्या भांड्यांसाठी आणि भातासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मुंबईच्या झगमगाटाचा हा विचार कशाला? कारण चित्रांची मागणी इथेही आहे आणि चित्रात येणाऱ्या बायकाही इथल्या आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने इथे रात्रभर नाटके होतात, हजारो लोक तिकीट काढून येतात, आणि ज्या भूमिका एकेकाळी पुरुष करत त्या आता स्त्री-कलावंत करतात. त्यांच्या छायाचित्रांवर नाटकाची जाहिरात उभी राहते. पूर्व विदर्भातल्या ग्लॅमर छायाचित्रणाची खरी भूमी हीच आहे. इथल्या फोटोग्राफरला मुंबईची नक्कल करण्याची गरज नाही. त्याच्यासमोर गाणारी, नाचणारी, प्रेक्षकाला तासन् तास धरून ठेवणारी बाई उभी असते. तिला तिच्या सावळेपणासह आणि तिने निवडलेल्या मुद्रेत टिपणे एवढेच त्याचे काम आहे.

म्हणून या व्यवसायात येणाऱ्या तरुणाने कॅमेरा घेण्याआधी काही नेम स्वीकारावेत असे मला कळकळीने वाटते. वयाचा पुरावा पाहणे. मॉडेलला वाचता येईल अशा मराठीत करार करणे. चित्र कुठे, किती काळ आणि कोणत्या मोबदल्यात वापरले जाईल ते त्यात लिहिणे. तिने सोबत आणलेल्या व्यक्तीला स्टुडिओत बसू देणे. प्रत्येक टप्प्यावर पडद्यावरचे चित्र तिला दाखवणे आणि तिने नाकारलेल्या फाइल तिच्यासमोर पुसणे. आणि तिची इच्छा असेल तिथे चित्रासोबत तिचे नाव छापणे. टोपणनाव घेण्याची किंवा निनावी राहण्याची इच्छाही तिचीच असावी. ती लादलेली नसावी. यातला एकही नेम खर्चिक नाही. दीनदयाळ यांना जनाना स्टुडिओत जे कळले होते, बालगंधर्वांना जो मान लाभला, लीला चिटणीस यांनी ज्या नावाच्या बळावर बाजारात पाऊल टाकले, त्या सगळ्याचे सार या नेमांत आहे. १९१६ च्या खंडांतल्या स्त्रियांना आपण आता नावे देऊ शकत नाही. आज झाडीपट्टीत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला ते देणे पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि तिचे चित्र चांगले निघण्याची पहिली अटही तीच आहे.